प्रश्न मला विचारा

गणपतीत सगळे आमच्याकडे जमले होते, तेव्हा मी जाहीर करून टाकलं. येत्या जूनमध्ये मी आणि बायको युरोपात सायकलवर जाणार. डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, जर्मनीतल्या डोनाउएशिंगनपासून हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत. बाराशेच्या थोडं वर किलोमीटर, ४७ मुक्काम. मोदकाकडे जाणारे हात जागच्या जागी थांबले. "सायकलवर?" आत्या म्हणाली, आणि त्यातला 'वर' तिने असा काही लांबवला की शेजारच्या घरातली आरतीसुद्धा क्षणभर थबकली असेल.

तेव्हापासून मी उत्तरं देत हिंडतोय. लग्नाच्या पंगतीत, भाजीवाल्यापाशी, फोनवर तर रोजच. आता एकदाच सगळं लिहून टाकतो. म्हणजे पुढच्या वेळी भेटलो की नुसता चहा पिऊ.

तर पहिला प्रश्न. एवढे पैसे खर्चून परदेशात जायचं आणि तिथे जाऊन सायकल मारायची? बसने का नाही? काकांनी अकरा दिवसांत सहा देश केले, रात्री जेवायला वरणभात होता, सामानाला हात लावावा लागला नाही. खरं आहे. काकांचे गुडघे गेलेत, त्यांना आयफेल टॉवर बघायचा होता, तो त्यांनी बघितला आणि अजून त्याबद्दल सांगताना त्यांचे डोळे चमकतात. त्या सहलीला मी नावं ठेवणार नाही. (पूर्वी ठेवायचो. बायकोने एकदा विचारलं, "तुझे बाबा गेले असते तर बसनेच गेले असते ना?" तेव्हापासून गप्प बसलो.) पण 'बस आहे तर सायकल कशाला' हा युक्तिवाद करणाऱ्यांत आमचे मामा सगळ्यांत पुढे आहेत, आणि मामांनी दोनदा वारी केलेली आहे. मामा, पंढरपूरला एसटी जाते. आळंदीहून सकाळी निघालं तर संध्याकाळच्या आत दर्शन घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात बसता येतं. तरी तुम्ही अडीचशेच्या आसपास किलोमीटर चालत गेलात, पायाला फोड आले, दिवे घाटात भिजलात, आणि आल्यावर आम्हाला विठोबाबद्दल कमी आणि वाटेबद्दल जास्त सांगितलंत. आमची सहल काही वारी नव्हे, तसा आव आणणार नाही. पण वाटेसाठी जाणं म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर यावी?

आणि ही वाट आहेही तशी. डोनाउएशिंगनला ब्रिगाख आणि ब्रेग या दोन लहान नद्या एकत्र येतात, तिथून डॅन्यूब हे नाव सुरू होतं. पुढे थोड्याच अंतरावर, इमेंडिंगनजवळ, ही नदी चक्क जमिनीत मुरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्र कोरडं ठणठणीत असतं. मुरलेलं पाणी चुनखडीच्या डोंगराखालून दक्षिणेला आख नावाच्या गावी झऱ्यातून वर येतं आणि तिथून ऱ्हाइनला मिळतं. म्हणजे एकाच नदीचं पाणी थोडं काळ्या समुद्राकडे आणि थोडं उत्तर समुद्राकडे. पुढे पासाउला तीन नद्यांचा संगम आहे, डॅन्यूब, इन आणि इल्त्स. तिघींचे रंग वेगळे दिसतात म्हणे. प्रयागला दोनच दिसतात, तिसरी मनाने बघावी लागते, हे आईने लगेच ऐकवलं. पासाउच्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर कुठल्या साली पुराचं पाणी कुठवर चढलं याच्या खुणा आहेत. जून २०१३ चा पूर पाचशे वर्षांतला सगळ्यांत मोठा होता, पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला त्या भिंतीपुढे जरा वेळ उभं राहावंसं वाटणारच. बसवाला तिथे किती मिनिटं थांबवेल?

दुसरा प्रश्न वयाचा. मी ५७, बायको ५४. "या वयात?" असं विचारणाऱ्यांसाठी एक जोडपं सांगतो. विल्यम आणि फॅनी वर्कमन, अमेरिकन. नवरा डॉक्टर, प्रकृती बिघडली म्हणून १८८९ मध्ये व्यवसायातून निवृत्त झालेला. प्रकृती बिघडलेला हा गृहस्थ मग बायकोबरोबर सायकलवर युरोपात फिरला आणि १८९७ च्या शेवटी हिंदुस्थानच्या बाजूला आला. तेव्हा तो पन्नाशीचा, ती अडतीस-एकोणचाळीसची. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, शिवाय ब्रह्मदेश, सिलोन, जावा धरून दोघांनी चौदा हजार मैल सायकल चालवली. तेव्हाचे रस्ते, तेव्हाची टायरं! आदर्श जोडपं म्हणून त्यांचं नाव घेत नाहीये. नोकरा-हमालांशी त्यांचं वागणं वाचलं की राग येतो, आणि मुलीला मागे ठेवून ते वर्षानुवर्षं हिंडत होते. पण 'या वयात' या दोन शब्दांपुरते ते पुरेत. आपल्याकडचं तरुण नाव हवं असेल तर पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये विशीतल्या या मुलीने १५९ दिवसांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचं नाव काढलं की "ती तरुण आहे, तिची गोष्ट वेगळी" म्हणतात. वर्कमनचं नाव काढलं की "ते गोरे होते, त्यांची गोष्ट वेगळी". मग कुणाची गोष्ट आपली?

आम्ही दिवसाला सरासरी चाळीस किलोमीटर धरलेत. कोथरूड ते हडपसर जाऊन येण्याइतकं, तेही ट्रकशिवाय, आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेने म्हणजे एकंदरीत उताराने. वारासुद्धा तिकडे बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पाठीवर. पराक्रम वगैरे काही नाही. तिकडे सत्तरीची माणसं हेच करतात.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण तेही माझ्यावर नाराज आहेत. सायकलवाले मित्र. यांचं म्हणणं, एवढं ठरवतोस कशाला? तक्ते, मुक्काम, किलोमीटर... "अरे, बस निघ! ठरवलं की मजा गेली." यातले दोघे-तिघे छान लिहितात, मी आवडीने वाचतो. पण 'बस निघ' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

एक तर ज्याच्या हातात आपला पासपोर्ट आहे त्याला 'बस निघ' परवडत नाही. शेंगेन व्हिसाला दर माणशी ९० युरो, तीस हजार युरोचा विमा, आणि कुठल्या रात्री कुठे झोपणार याचा कागद. प्रवासाआधी सहा महिन्यांच्या आत अर्ज, १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहायचं नाही. जास्त मुक्काम जर्मनीत म्हणून अर्ज जर्मनीकडे. आता सायकलवाल्याला ४७ रात्रींची गावं सहा महिने आधी कशी ठाऊक असणार? पाऊस आला, टायर फाटलं, एखादं गाव आवडलं की सगळं पुढे सरकतं. त्यामुळे रद्द करता येतील अशी बुकिंग करायची आणि मग प्रत्यक्षात त्यातली निम्मी मोडायची. तिकडे सायकलस्वारांना एका रात्रीसाठीही खोली देणारी, ओले कपडे वाळवायला जागा आणि दुरुस्तीला पाना-पकड ठेवणारी ठिकाणं आहेत. जर्मनीत त्यांना तशी पाटीच लावलेली असते. म्हणून रस्त्यावर गेल्यावर मोकळं राहता येईल. पण त्या मोकळेपणापर्यंत पोचायला आधी तक्ता लागतो, आणि तो मी चार रविवार बसून केला. ज्यांना तो लागत नाही त्यांनी मला बेफिकिरी शिकवू नये.

इथे एक उदाहरण माझ्या विरुद्ध जातं, तेही प्रामाणिकपणे सांगतो. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर नावाचा क्रीडा पत्रकार मुंबईहून एकटाच निघाला. व्हिएन्नाला त्याला गुस्ताव स्टाव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला, आणि मग दोघांनी कित्येक वर्षं बरोबर सायकल चालवली. सहारा ओलांडला, दक्षिण अमेरिकेतली जंगलं पार केली. व्हिएन्ना आमच्या वाटेवरच आहे. वाटेत अचानक भेटलेला जोडीदार सात-आठ संसारांना पुरेल इतकं टिकला. ठरवून झालेली गोष्ट नव्हती ती. मान्य.

पण माझा जोडीदार वाटेत भेटलेला नाही, तीस वर्षांपूर्वी भेटलाय, आणि न ठरवता निघण्याची किंमत त्यानेच एकदा मोजली आहे. ती गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती.

फेब्रुवारी २०१७. आम्ही दोघं पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला निघालो होतो. बस निघालो. मी नेहमीप्रमाणे पुढे. मुळशी मागे पडल्यावर मला लय सापडली आणि मी जो दामटत सुटलो तो घाट उतरून खाली एका टपरीपाशीच थांबलो. चहा घेतला. मिसळ घेतली. परत चहा घेतला. मनात काय, तर 'किती हळू येते ही'. मोबाइलला रेंज नव्हती. पाऊण तास झाला, तास झाला. दीड तासाने ती आली, सायकल हातात धरून चालत. धरणाच्या कडेला मागचं टायर बसलं होतं. पंप, पंक्चरचं सामान, पाना, सगळं माझ्या पिशवीत. कारण 'मी बघतो ना सगळं'. एका टेम्पोवाल्याने घाटातल्या थोड्या अंतरापुरतं तिला घेतलं, नाहीतर संध्याकाळ झाली असती.

ती काही बोलली नाही. माझ्यासमोर बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "भर हवा." हरिहरेश्वरला पोचलो, समुद्र बघितला, परत आलो. त्यानंतर दोन वर्षं तिची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. मी विचारलं की म्हणायची, गुडघा दुखतो. गुडघा दुखत नव्हता, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

म्हणून आमचा तक्ता आहे. त्यात पहिलं कलम असं की ती पुढे, मी मागे, रोज. दोन पंप, दोन पंक्चरचे संच, दोन पाने, दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळे. तिला पंक्चर काढता येतं, आता माझ्यापेक्षा लवकर. विमानाच्या खोक्यात भरण्यासाठी सायकल सुटी करायचा सरावही आम्ही दिवाळीच्या सुट्टीत केला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे मी छातीठोकपणे विसरलो होतो आणि जोर लावून ते जास्तच घट्ट करत होतो. तिने येऊन पाना उलटा फिरवला. :-)

दुपारी किती वाजता थांबायचं, कुणी भूक लागल्याचं सांगायचं, पाऊस आला तर आगगाडीने जायचं का (तिकडच्या प्रादेशिक गाड्यांत सायकलीचं तिकीट काढून ती चढवता येते), हे सगळं भांडून ठरलंय. आणि खरंच भांडून. मला वाखाऊच्या खोऱ्यात तीन दिवस हवे होते. मेल्कपासून क्रेम्सपर्यंत तो छत्तीसेक किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा आहे, उतारावर द्राक्षाचे मळे, आणि जुलैत तिथल्या जर्दाळूंचा हंगाम. तिला त्याच्या आधी, लिंत्सच्या पुढे, माउटहाउजेनला एक दिवस हवा होता. नाझींची छळछावणी तिथे होती, १९३८ ते १९४५. दगडाच्या खाणीतून कैद्यांना धोंडे वाहून न्यायला लावत, त्या १८६ पायऱ्या अजून आहेत. मी म्हटलं, सुट्टीत हे कशाला? ती म्हणाली, "नदीच्या काठाने एवढं जायचं आणि बरोबर तेवढंच गाव टाळायचं? मला नाही जमणार." दोन दिवस आम्ही या विषयावर बोललो नाही. मग मी तक्त्यात एक जर्दाळूचा दिवस कमी केला. 'ठरवलं की मजा जाते' म्हणणाऱ्यांना हे सांगायचंय की तीस वर्षांत बायकोच्या डोक्यात काय चाललंय हे मला जितकं कळलं नव्हतं तितकं त्या चार रविवारांत कळलं.

आता शेवटचा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. आईंचं काय?

आई ८३ वर्षांची आहे, आमच्याकडे असते. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडली, हाड मोडलं नाही पण धास्ती बसली. प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही तो सगळ्यांत आधी स्वतःलाच विचारला, तिकिटांच्याही आधी. ताई नाशिकहून येऊन सात आठवडे राहणार आहे, दिवसा येणाऱ्या मावशी आहेतच, डॉक्टरांशी बोलून झालंय, आणि काही झालंच तर दोघांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी विमानात बसेल एवढे पैसे वेगळे काढून ठेवलेत. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय पार्सल आहे, मला कुठे ठेवायचं ते ठरवायला?" आणि मग नकाशा मागवला. पुराच्या खुणा तिला बघायच्या आहेत, फोटो पाठव म्हणाली. पानशेतच्या पुराच्या वेळी ती तरुण मुलगी होती, नारायण पेठेत राहायची.

तर प्रश्नाबद्दल तक्रार नाही. तो कुणाला विचारला जातोय याबद्दल आहे. गणपतीपासून आजवर, मंडळी, मला एकानेही "आईचं काय" असं विचारलेलं नाही. मी तिचा मुलगा. मला विचारता सायकल कुठली, गिअर किती, पंक्चर झालं तर काय. आणि स्वयंपाकघरात जाऊन, आवाज जरा खाली आणून, तिला विचारता, "सासूबाईंना ठेवून जाणार तू? दीड महिना?" मोजून सात जणांनी विचारलं. दोघींनी तर "हल्लीच्या सुना" असंही म्हटलं. चोपन्न वर्षांची हल्लीची सून!

दादा-वहिनी २०२२ मध्ये पुतणीच्या बाळंतपणासाठी पाच महिने अमेरिकेला गेले. दादा, तू वाचतोयस, तुझ्याबद्दल काही म्हणणं नाही, जायलाच हवं होतं. पण तेव्हा वहिनीला कुणी विचारलं नाही. मला ऑफिसने २०११ मध्ये चार महिने सिंगापूरला पाठवलं, तेव्हा बाबांचं आजारपण चालू होतं. तेव्हा "बाबांना ठेवून जाणार?" असं मला कुणी विचारलं? उलट पेढे मागितले. बाबांना रात्री उठवून औषध द्यायची ती हीच. याचा अर्थ बाई बाळंतपणाला गेली तर चालतं, पुरुष नोकरीला गेला तर चालतं. बाई स्वतःला हवं म्हणून, आनंदासाठी, पाय फिरवत कुठे निघाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सगळ्यांना एकदम आठवण येते. एरवी त्या म्हाताऱ्या माणसाला महिन्यातून एक फोन करायचीही होत नाही.

हे जरा जास्त लागेल. लागू दे. गेल्या आठवड्यात असाच एक फोन झाल्यावर बायको म्हणाली, "आपण वीस दिवसांचंच करू या का? पासाउ ते व्हिएन्ना. सवातीनशे किलोमीटर, पुरे." तक्ता समोर उघडा होता. मी विचारलं, तुला पुरे आहे की त्यांना? ती उत्तर न देता कपडे वाळत घालायला गेली. ताम्हिणीनंतरची तीच शांतता. ती मी आता ओळखतो.

सहल वीस दिवसांची होणार नाही. सत्तेचाळीसच दिवस. व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, कागद तयार आहेत.

तेव्हा यापुढे आईबद्दल काही विचारायचं असेल तर मला फोन करा, सकाळी आठनंतर कधीही. आणि ज्यांना खरोखर काळजी वाटते त्यांच्यासाठी कामही आहे. ताईला जून-जुलैत दर गुरुवारी दुपारी स्वतःच्या फिजिओथेरपीला जावं लागणार आहे, तीन ते पाच. तेवढा वेळ आईपाशी कुणी बसलं तर बरं. सात गुरुवार आहेत. मामांनी पहिला घेतलाय, काल स्वतःहून फोन केला. राहिले सहा.